जागता गड

आम्ही चंदगडची माणसं पारगडाचं नाव लहानपणापासून ऐकतो, पण प्रत्यक्ष गडावर जायचं मात्र राहून जातं. माझंही तसंच झालं. नोकरीच्या निमित्तानं बाहेर पस्तीस वर्षं गेली. आई गेल्यापासून गावचं घर बंद होतं. ते विकून टाकावं असं ठरवून गेल्या डिसेंबरात गावी गेलो. बरोबर मुलगी होती. ती म्हणाली, ‘‘बाबा, उद्याचा दिवस मोकळा आहे. पारगड आणि तिलारी बघून येऊ.’’

सकाळी रवळनाथाला नमस्कार करून निघालो. हेरे, मोटणवाडी मागे पडली आणि दाट झाडी सुरू झाली. पारगड सह्याद्रीच्या अगदी कडेवर आहे. खाली कोकण, पलीकडे गोवा. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला हा गड मोक्याचा. 1670 साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा मुलगा रायबा इथला किल्लेदार झाला. चंद्र-सूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, असं महाराजांनी सांगितलं होतं, अशी गडावरची परंपरा आहे.

वर पोचलो. तट जागोजागी ढासळलेला, जुन्या घरांची नुसती जोती उरलेली, त्यांवर गवत माजलेलं. मुलीनं फोटो काढायला सुरुवात केली. तेवढ्यात कुठूनसा चुलीचा धूर आला. पारगडाचं हेच वेगळेपण. इथं मालुसऱ्यांचे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मावळ्यांचे वंशज आजही राहतात. भवानीच्या देवळात दिवा लागतो, दसऱ्याला आणि माघात उत्सव होतो.

एका अंगणात आजी नाचणी पाखडत होत्या. त्यांनी बसायला घोंगडं टाकलं, ताक दिलं. मुलगे मुंबईला आणि गोव्याला असतात म्हणाल्या.

‘‘मग आजी, तुम्ही का जात नाही त्यांच्याकडं?’’ मुलीनं विचारलं.

‘‘जाते की. चार दिवस राहते आणि येते. चूल पेटली नाही तर घर टिकत नाही, पोरी. आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊक नाही.’’

मी मान खाली घातली. मला तो पाऊस ठाऊक होता. चुलीच्या धुरानं काळी झालेली तुळई वर्षानुवर्षं टिकते. धूर थांबला की ओल धरते, मग वाळवी लागते. आमच्या घराची तुळई मी आदल्याच दिवशी पाहिली होती.

दुपारी तिलारीनगरला उतरलो. धरणाचं पाणी झाडीत आत आत शिरलेलं, इतकं निवांत की बोलावंसं वाटेना. हेच पाणी घाटाखाली सोडून 60 मेगावॅट वीज तयार करतात. पुढे नदी दोडामार्गातून गोव्यात जाते आणि शापोरा या नावानं समुद्राला मिळते. गडावरची मुलंही याच उतारानं पोटासाठी खाली जातात. त्यांना दोष कसा द्यायचा? मीही तसाच गेलो होतो.

इतके दिवस मला वाटायचं, गड पडतात ते लढाईत, तोफांनी. बरेचसे पडतात ते शेवटचा माणूस कडी घालून जातो तेव्हा. पारगडावरची ती दहा-पाच माणसं तट बांधू शकत नाहीत, पण कडी घालायचं तेवढं टाळतात. गड जागता ठेवायचा म्हणजे याहून वेगळं काय असतं?

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायचं होतं. त्याला मी महिनाभर थांबायला सांगितलं. मग मुलीनं आणि मी चुलीतली जुनी राख काढली. लाकडं ओली होती, पेटता पेटेनात. अखेर पेटली. घरभर धूर झाला, डोळ्यांतून पाणी आलं. घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पण येत्या मे महिन्यात कौलं परतायला माणूस सांगून ठेवला आहे.