बागवानांचा गोतावळा

मुंबईंत बाग करावयाची असें म्हटलें कीं ऐकणारा प्रथम हंसतो. गिरगांवांतील चाळीची गॅलरी ती केवढी! तींत वाळत घातलेले कपडे, पाण्याचें पिंप, मुलांच्या चपला आणि अष्टौप्रहर शेजाऱ्यांची ये-जा. लालबाग-परळच्या बाजूस तर दहा बाय बाराच्या खोलींत सहा-सात माणसांचा संसार. ज्याच्या मालकीची मूठभर मातीहि नाहीं, त्यानें बागेच्या गोष्टी कराव्या, हा विनोदच नव्हे काय? तथापि सकाळच्या प्रहरीं याच गॅलऱ्यांकडे मान वर करून पाहावें. तेलाच्या रिकाम्या डब्यांत तुळस आहे, फुटक्या बादलींत गवती चहा आहे, कठड्याच्या गजांना धरून गोकर्णीची वेल वर चढली आहे, आणि खिडकीच्या जाळींत कोरफड व सदाफुली एकमेकींस रेटून बसल्या आहेत.

ही बाग कोणी लावली, असा प्रश्न केला तर उत्तर मिळतें, "मीं लावली." तें खरें आहे, पण पुरतें खरें नाहीं. तुळस शेजारच्या बिऱ्हाडांतून आली, गवती चहाचें ठोंब कोणा मावशीनें गांवाहून आणलें, गोकर्णीची शेंग देवळाच्या वाटेवर कोणाच्या कुंपणावरून खुडली गेली, आणि कोरफड तर तळमजल्यावरच्या आजींनीं जातां जातां हातांत ठेवली. शहरांतील बागवान माती विकत आणतो, कुंडी विकत आणतो. परंतु रोप, आणि तें जगविण्याची युक्ति, या दोन गोष्टी त्याला बहुधा दुसऱ्या बागवानाकडूनच मिळतात. एकट्याची म्हणून बाग नसतेच. म्हणूनच बागवानांच्या या गोतावळ्याचें कौतुक करावयाचें तें केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. तो गोतावळा आहे म्हणून बागा आहेत.

या गोतावळ्याची खूण पाहावयाची तर ब्रह्मकमळाकडे पाहावें. मुंबईकर ज्यास ब्रह्मकमळ म्हणतात, तें हिमालयांतील ब्रह्मकमळ नव्हे. तें मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील एक बिनकाट्याचें निवडुंग आहे. त्याचें जें पान म्हणून ओळखलें जातें, तो वस्तुतः चपटा झालेला दांडा असतो. म्हणूनच तें पान दोन-चार दिवस सुकवून मातींत बोटभर खोंचलें कीं त्याला मुळें फुटतात. त्याचें बीं पेरून रोप करण्याच्या भानगडींत कोणी पडत नाहीं. दादरच्या गॅलरींतून एक पान गिरगांवांत जातें, तेथून लग्न होऊन गेलेल्या मुलीबरोबर डोंबिवलीस जातें, आणि कांहीं वर्षांनीं तिच्या नणंदेकडून पुनः परळास येतें. म्हणजे अनेक घरांत फुलणारीं हीं ब्रह्मकमळें निरनिराळीं झाडें नसून एकाच झाडाचे वाटलेले अंश होत.

पावसाळ्यांत त्याला कळी धरते. लोंबती कळी मान वर उचलूं लागली कीं मजल्यावर वर्दी जाते, "आज फुलणार." रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास पाकळ्या सुटूं लागतात, मध्यरात्रीं फूल पूर्ण उमलतें, त्याचा सुवास जिन्यापर्यंत पोंचतो आणि उजाडण्याच्या सुमारास तें मान टाकतें. एवढ्या थोड्या अवधींत साऱ्या मजल्याची माणसें त्या कुंडीभोंवतीं जमतात. पाण्याच्या नळावरून ज्यांचें आठ-आठ दिवस बोलणें बंद असतें, त्या बायकाहि येतात. कोणी निरांजन ओवाळते, कोणी लहान मुलाला झोंपेंतून उठवून आणते. जातांना निदान एक जण तरी हळूच विचारते, "एक पान द्याल का?" आणि त्या रात्रीं नाहीं म्हणणारा मनुष्य विरळा.

देण्याघेण्याची ही रीत मोठी मजेची आहे. मनी प्लँटची वेल मागून आणूं नये, चोरूनच आणावी, म्हणजे ती वाढते, अशी एक समजूत सर्वत्र आहे. समजूत खुळी खरी. पण तिच्यांतील मर्म खुळें नाहीं. झाडाच्या फांदीला मोल लावूं नये, तिचा हिशेब ठेवूं नये, असेंच जणुं तिला सांगावयाचें आहे. शिवाय, देणाऱ्याचें त्यांत नुकसान तें काय? मे महिन्यांत घरचीं सर्व माणसें कोंकणांत जातात. शेजाऱ्यावर पाणी घालण्याचें काम सोंपविलेलें असतें, पण त्यालाहि एखादे वेळीं गांवाहून तार यावी तसा निरोप येतो व तोहि जातो. परत येऊन पाहावें तों कुंडींत काटकी उभी! अशा वेळीं गेल्या वर्षीं ज्याला फांदी दिली, त्याचेंच दार ठोठवावें लागतें. आपण दिलेली फांदी हीच आपल्या झाडाची ठेव, आणि शेजाऱ्याची गॅलरी हीच तिची पेढी.

हा गोतावळा या शहरांत आजकालचा नाहीं. १८३० सालीं मुंबईंत पश्चिम हिंदुस्थानची शेतकी व बागाइती संस्था निघाली. शिवडीस तिनें बाग केली. पुढें ती जागा सोडून भायखळ्यास नवी बाग उभी केली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं ती लोकांस खुली झाली. तीच व्हिक्टोरिया गार्डन, लोकांच्या तोंडची राणीची बाग, आणि आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८७३ सालीं ती संस्था संपली व बागेची व्यवस्था नगरपालिकेकडे आली. आज त्या संस्थेच्या सभासदांचीं नांवेंहि कोणास ठाऊक नाहींत. परंतु त्या बागेंत देशोदेशींचीं झाडें उभीं आहेत. आफ्रिकेंतील गोरखचिंच आहे, ब्रह्मदेशांतून आलेला उर्वशी नांवाचा वृक्ष आहे. त्याचीं लाल-पिवळ्या रंगांचीं लोंबतीं फुलें पाहण्यास हौशी माणसें हिंवाळ्यांत मुद्दाम वाट वांकडी करून जातात. संस्था गेली, सभासद गेले. त्यांनीं लावलें आणि वाटलें तेवढें राहिलें.

मात्र राहिलेलेंहि आपोआप राहत नाहीं. २००७ च्या सुमारास या बागेचें रूपांतर परदेशी धर्तीच्या मोठ्या प्राणिसंग्रहालयांत करण्याचा आराखडा पुढें आला. जुन्या वृक्षराजीचें काय होणार, ही काळजी कांहीं वृक्षप्रेमी भगिनींस वाटली. शुभदा निखार्गे, हुतोक्षी रुस्तुमफ्राम प्रभृति मंडळींनीं काय केलें? त्या बागेंत जाऊन झाडें ओळखूं लागल्या, त्यांच्या नोंदी करूं लागल्या, आणि बाग वांचविण्यासाठीं समिति स्थापून अर्ज-विनंत्या करीत राहिल्या. मूळ आराखडा पुढें बदलावा लागला. २०१२ सालीं बागेस दीडशें वर्षें झालीं, तेव्हां त्यांच्या श्रमांतून त्या बागेवरील ग्रंथहि सिद्ध झाला. ज्याला झाडाचें नांव ठाऊक आहे, तोच त्याच्यासाठीं भांडूं शकतो. आणि नांव सांगणारा कोणी सोबती असल्याखेरीज तें ठाऊक होत नाहीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत औषधिशास्त्राचें अध्यापन करणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनीं 'वृक्षगान' व 'फुलवा' हीं पुस्तकें लिहून मराठी वाचकांस हेंच नांव सांगण्याचें काम केलें. रस्त्यावरून जातांना "हें काय झाड असेल बरें?" असें म्हणून थबकणारीं माणसें त्या पुस्तकांनीं वाढविलीं.

झाडाचें नांव जसें दुसऱ्याकडून मिळतें, तसें तें वाढविण्याचें ज्ञानहि. या बाबतींत कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचें स्मरण अवश्य केलें पाहिजे. हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ सालीं त्यांचा जन्म झाला, २००१ सालीं ते निवर्तले. त्यांनीं 'प्रयोग परिवार' या नांवानें शेतकऱ्यांचें एक कुटुंबच जमविलें. प्रत्येकानें आपल्या शेतांत प्रयोग करावा, काय साधलें आणि काय फसलें तें पत्रांनीं व भेटींनीं इतरांस कळवावें, एवढाच त्या कुटुंबाचा कुळाचार. तासगांवकडील द्राक्षबागायतदारांनीं या रीतीनें एकमेकांस शिकविलें व मोठी मजल मारली. गुरु एक आणि शिष्य अनेक असा हा प्रकार नव्हता. जो तो कांहीं बाबतींत गुरु आणि कांहीं बाबतींत शिष्य.

दाभोळकरांच्या विचारांचा हा ओघ मुंबईच्या गच्च्यांवरहि पोंचला. वांद्र्याचे डॉ. दोशी हे अर्थशास्त्राचे अभ्यासक. त्यांनीं गच्चीवर पिशव्यांत व पिंपांत भाज्या-फळें पिकवून दाखविलीं आणि विचारणाऱ्यास तें मोकळ्या मनानें शिकविलें. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरांतून रोज सुमारें ३,००० कामगारांस अन्न जात असे. तेथील अधिकारी प्रीति पाटील यांनीं २००२ सालापासून त्या स्वयंपाकघराच्या सुमारें ३,००० चौरस फूट गच्चीवर, तेथल्याच भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यापासून बाग उभी केली. देंठ, साली आणि चोथा यांची माती झाली, आणि त्या मातींत फळझाडें व भाज्या आल्या. पुढें 'अर्बन लीव्ह्ज' या नांवानें जमलेल्या मंडळींनीं हा धडा इतरांस दिला. धारावीच्या कडेस, एके काळीं जेथें शहराचा कचरा टाकीत तेथें झालेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानांतहि रविवारीं अनोळखी माणसें एकत्र येऊन वाफे करूं लागलीं. तेथें अमृतजल करावयास शिकवीत: दहा लिटर पाण्यांत एक लिटर गोमूत्र, एक किलो ताजें शेण आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ढवळीत ठेवावें आणि दसपट पाणी घालून झाडांस द्यावें. एवढी ही कृति; परंतु ती कोणी झांकून ठेविली नाहीं, हें तिच्यांतील खरें अमृत.

बागवानांच्या बोलण्यांत आणखी एक दुर्मिळ गुण आढळतो. ते आपलीं मेलेलीं झाडें सांगतात. व्यापारी आपला तोटा सांगत नाहीं, विद्यार्थी आपले गुण सांगत नाहीं. पण दोन बागवान भेटले कीं पहिली गोष्ट निघते ती हातच्या गेलेल्या गुलाबाची. एक सांगतो, "रोज पाणी घालून घालून मुळें कुजविलीं." दुसरा म्हणतो, "प्रथम मातींत बोट खुपसून पाहावें. ओल लागली तर तांब्या खालीं ठेवावा." जास्वंदीवर पांढरा पिठ्या पडला तर कोणी साबणाच्या पाण्यानें पुसावयास सांगतें, कोणी निंबोळीच्या तेलाची फवारणी सुचवितें. गॅलरीवर भार पडूं नये म्हणून मातींत नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा, हें ज्ञान पुस्तकापूर्वीं शेजाऱ्यानेंच दिलेलें असतें. एकाच्या एका मेलेल्या झाडानें दहांचीं दहा झाडें वांचतात, हा हिशेब कोणत्याहि शाळेंत शिकवीत नाहींत.

याचा अर्थ बागवान म्हणजे सारे संतच, असें नव्हे. वरच्या कुंडीचें पाणी खालच्या वाळत्या चादरीवर ठिबकतें आणि त्यावरून चाळ दणाणते. कोणी आपल्या गुलाबाचें खत सांगत नाहीं. कोणी फांदी देतो ती मुद्दाम किडकी देतो. महापालिका राणीच्या बागेंत दरवर्षीं फुलझाडांचें व भाजीपाल्याचें प्रदर्शन भरविते, तेथें दुसऱ्याच्या कुंडीपुढें उभें राहून कपाळास आठ्या घालणारीं माणसेंहि दिसतात. परंतु त्यांतलेच कित्येक थोड्या वेळानें त्या कुंडीच्या मालकास गांठून विचारतात, "खत कोणतें घालतां हो?" मत्सराचें कुतूहल होण्यास एवढा एक प्रश्न पुरतो.

आज या गोतावळ्यावर जें संकट आहे, तें किडीचें नाहीं. जुन्या चाळी जात आहेत. नायगांव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथील बी. डी. डी. चाळी शंभर वर्षांच्या झाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलींत राहणाऱ्यांस तेथेंच ५०० चौरस फुटांचें घर मिळावयाचें आहे, आणि वरळीच्या पहिल्या कांहीं कुटुंबांस २०२५ च्या ऑगस्टमध्यें नव्या घरांच्या किल्ल्याहि मिळाल्या. हें इष्टच झालें. पिढ्यान्पिढ्या अडचणींत काढलेल्या माणसांस ऐसपैस घर मिळूं नये, असें कोण म्हणेल? परंतु गिरगांवांत काय नि लालबागेंत काय, चाळीची सामाईक गॅलरी गेली कीं येतां-जातां दुसऱ्याचें झाड दिसणें जातें. दार बंद, उद्वाहन बंद. ब्रह्मकमळ विसाव्या मजल्यावर फुललें तर त्याची वर्दी कोणी कोणास द्यावी?

याचें उत्तर सामान उचलण्याच्या दिवशीं एखादी गृहिणी न बोलतां देऊन जाते. तात्पुरत्या भाड्याच्या घरांत कुंड्यांना जागा नसते. मग ती एकेक कुंडी उचलते आणि वांटते: तुळस समोरच्या घरीं, अनंत देवळाच्या पुजाऱ्यास, ब्रह्मकमळाचीं पानें वर्तमानपत्रांत गुंडाळून पांच बिऱ्हाडांस. दोन-तीन वर्षांनीं नव्या घराची किल्ली मिळते. खिडकींत ऊन कोणत्या बाजूनें येतें, तें ती पाहते, आणि दुसऱ्याच दिवशीं जुन्या शेजारणीचा पत्ता शोधीत निघते. तिच्या स्वतःच्या झाडाचें पान तिला परत मिळतें, सोबत चहाहि मिळतो.

झाड राखण्याचा याहून खात्रीचा उपाय अद्याप कोणास सांपडलेला नाहीं. तेव्हां ज्याच्या गॅलरींत आज कांहीं हिरवें आहे, त्यानें येत्या पावसाळ्यांत त्याची एक फांदी कोणास तरी द्यावी. आणि ज्याच्याकडून आपली पहिली फांदी आली, त्याच्या दारावर एकदां थाप मारून तें झाड आतां केवढें झालें आहे, तें सांगून यावें.