आयर्स्टची टोपी

(१९७५ च्या दहावी तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझा छंद’. शाळेत या विषयावर निबंध यायचा तेव्हा मी दर वर्षी ‘टपाल तिकिटे जमवणे’ लिहायचो, कारण गाईडमध्ये तो तयार होता. माझ्याकडे एकही तिकीट नव्हतं. बाईंनी दहापैकी सात दिले होते, ते आता परत करतो.

खरा छंद वेगळाच निघाला. गेली तेहतीस वर्षं मी इंग्रजी फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या जुन्या टोप्या जमवतो. घरात आज एक्केचाळीस आहेत. सौभाग्यवती म्हणतात, डोकं एक आणि टोप्या एक्केचाळीस. बँकेने माझी पुण्याला बदली केली आणि खडकीत क्वार्टर मिळालं, तिथून हे सुरू झालं. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायचं, गंजलेल्या पान्यांच्या आणि फुटक्या दुर्बिणींच्या ढिगात हात घालायचा. कॅम्प आणि खडकी म्हणजे जुन्या छावण्या. साहेब गेले, त्यांच्या ट्रंका राहिल्या, आणि ट्रंकांतलं सामान भंगाराच्या भावाने फिरत राहिलं.

लोक पहिला प्रश्न विचारतात, ही टोपी कितीची? मी विचारतो, ही टोपी कधीची? सगळी गंमत त्यात आहे.

पहिली खूण मुकुटाची. इंग्रजी फौजेच्या बहुतेक बिल्ल्यांवर मुकुट असतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. १९०१ मध्ये राणी गेली आणि सातवा एडवर्ड आला, तेव्हापासून १९५२ पर्यंत तीन-चार राजांच्या काळात कमानी वर फुगलेल्या, गोल. मग एलिझाबेथ राणीबरोबर पुन्हा दबलेल्या कमानी आल्या. नवशिका इथेच फसतो, एलिझाबेथच्या बिल्ल्याला व्हिक्टोरियाचा समजून पैसे मोजतो. आता तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये परत गोल कमानी घेतल्यात, म्हणजे पुढच्या पिढीतल्या नवशिक्यांचीही सोय झाली.

मी कसा फसलो ते सांगतो. मुंबईच्या चोरबाजारात मला निळ्या कापडाचं, वर टोक असलेलं शिरस्त्राण मिळालं. असली शिरस्त्राणं इंग्लंडच्या पायदळाला १८७८ मध्ये मिळाली. त्याआधी शाको म्हणून उंच नळकांड्यासारखी टोपी असायची. पुढच्या तबकडीवर पलटणीचा आकडा होता. मला आनंदाने घाम फुटला, कारण आकडे १८८१ च्या फेररचनेत गेले आणि पलटणींना परगण्यांची नावं आली. म्हणजे जेमतेम तीन वर्षांतली वस्तू! नऊ हजार रुपये मोजले, तेही त्या काळचे. घरी आणून दिव्याखाली धरली तर तबकडीवरचा मुकुट गोल कमानींचा. आकडा १८८१ च्या आतला, मुकुट १९०१ च्या नंतरचा. अशी तबकडी कुठल्याही डोक्यावर कधीच चढली नव्हती, कुणीतरी अलीकडे ओतलेली होती. ते शिरस्त्राण मी अजून दर्शनी ठेवलंय. जास्त शहाणपणा सुचायला लागला की त्याच्याकडे बघतो.

दुसरी खूण आतली. शिपायाला टोपी सरकार द्यायचं, म्हणून तिच्यावर सरकारी बाणाचा शिक्का असतो. अधिकारी आपली टोपी स्वतःच्या खिशातून, आपल्या शिंप्याकडून शिवून घ्यायचा. त्यामुळे अधिकाऱ्याच्या टोपीत दुकानाचं नाव आणि पत्ता सापडतो. दुकानं जागा बदलतात आणि तिथेच तारीख हाताला लागते. लंडनच्या हॉक्स कंपनीचं दुकान पूर्वी पिकॅडिलीत चौदा नंबरला होतं, १९१२ मध्ये ते सॅव्हिल रोवर एक नंबरला गेलं. पत्ता वाचा, टोपी १९१२ च्या अलीकडची की पलीकडची ते कळतं. कधी कपाळाकडच्या चामडी पट्टीवर शाईने मालकाचं नाव असतं. मग जुन्या आर्मी लिस्ट काढायच्या, त्यांत कोण केव्हा लेफ्टनंट होता, केव्हा कॅप्टन झाला हे छापलेलं असतं. एका नावापायी माझा एक अख्खा पावसाळा गेला आहे.

उन्हातल्या टोप्यांचं प्रकरण आणखी रंगतदार. सोला टोपीतला ‘सोला’ म्हणजे सूर्य नव्हे, शोला नावाची पाणथळीतली वनस्पती. तिचा गाभा म्हणजे आपलं भेंड. ज्या भेंडाचं नवरदेवाचं बाशिंग होतं त्याचीच साहेबाची टोपी. तिच्याभोवती गुंडाळलेल्या कापडाला ते ‘पगरी’ म्हणत, ती आपली पगडी. भेंडाची टोपी हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटत नाही. बुचाची जड लागते. १८७७ पासून परदेशी तैनातीसाठी बुचाचं शिरस्त्राण होतं, पुढून-मागून टोकदार. १९०० च्या सुमारास अधिकाऱ्यांत वोल्सली नमुना रूढ झाला, सगळीकडून रुंद, सपाट कडेचा. जुन्या हिंदी सिनेमातल्या साहेबाच्या डोक्यावर असते तीच.

मला कुणी कुणी रागाने विचारतं, इंग्रजांच्याच टोप्या का? आपल्या का नाहीत? प्रश्न बरोबर आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात कूतला वेढ्यात सापडून जे कैद झाले त्यांत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या पगड्या मला कुठल्याच बाजारात मिळाल्या नाहीत. त्या कापडाच्या होत्या. धुतल्या, विटल्या, कुणाची तरी झोळी झाली, पोतेरं झालं. साहेबाची टोपी पत्र्याच्या डब्यात राहिली, म्हणून टिकली.

आता टेबलावर जी टोपी आहे तिच्याकडे वळतो. पुढच्या रांगेतल्या काही जणांनी ती ओळखली आहे, हे चेहऱ्यांवरून दिसतंय.

आपल्या शेवटच्या गॅदरिंगला सरांनी चाफेकर बंधूंवर नाटक बसवलं होतं. मी लेफ्टनंट आयर्स्ट. वाक्यं दोन, दोन्ही इंग्रजी, आणि मग गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी खाऊन मरायचं. ही टोपी संस्थेच्या एका सभासदांच्या घरून मागून आणली होती. ‘गोंद्या आला रे’ झालं, मी इतका जीव तोडून मेलो की टोपी घरंगळत स्टेजखाली गेली आणि तिची कड तडकली. ही इथे, डिंकाचा डाग दिसतो तिथे. मी ती रातोरात दप्तरात घालून घरी नेली, चिकटवून सकाळी पेटीत ठेवू म्हणून. चिकटली नाही. मी ती माळ्यावर लपवली.

नाटकाच्या पेटीची किल्ली शिपाईमामांकडे असायची. हेडसरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं तेव्हा मी दाराबाहेर फीचं कार्ड घेऊन उभा होतो. मामा एवढंच म्हणाले, “माझंच लक्ष नव्हतं.” त्यांच्या पगारातून तीन महिने पाच-पाच रुपये कापले. मला ते माहीत होतं. मी बोललो नाही. मार्च आला, परीक्षा झाली, आपण सगळे पांगलो. मामा गेले तेव्हा मी कोल्हापूरला होतो, तेव्हाही आलो नाही.

पुढे टोप्या ओळखायला लागल्यावर मी ही माळ्यावरून काढली. बुचाची आहे, वोल्सली नमुन्याची, आणि आत पत्ता आहे: एक नंबर, सॅव्हिल रो. म्हणजे १९१२ नंतरची. रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या २२ जून १८९७ ला. सर, आपला आयर्स्ट किमान पंधरा वर्षं पुढची टोपी घालून मेला. त्याबद्दल मात्र मी एकटा दोषी नाही.

चामडी पट्टीखाली कागदाची एक घडी आहे. टोपी सैल असली की लोक आत कागद घालायचे. असा कागद कधी काढायचा नाही हा आमच्या छंदातला नियम, कारण तो पुरावा असतो. माझ्या एका टोपीतल्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या पट्टीवरून तिचं सालच लागलं. या टोपीतली घडी मात्र साहेबाची नाही. विंगेत माझ्या डोक्यावर टोपी डोळ्यांपर्यंत येत होती, तेव्हा मामांनी खिशातल्या वहीचं पान फाडून, तिघडी करून ती पट्टीखाली सरकवली होती. वर म्हणाले होते, “आता मर निवांत.” कोपरा बाहेर आलाय, त्यावर ‘७.२०’ एवढं वाचता येतं. सकाळच्या पहिल्या घंटेची वेळ.

ज्यांची टोपी होती ते कुटुंब केव्हाच गाव सोडून गेलं, पत्ता लागला नाही. मामांच्या मुलीचा लागला. आपल्यामागे दोन वर्षं होती ती, आज इथे आली आहे. महिन्यापूर्वी मी तिच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “टोपी शाळेला द्या. कागद मला द्या. त्यांच्या हातचं अक्षर आमच्याकडे काहीच नाही.”

टोपीसाठी काचेची पेटी मी करून आणली आहे. मुख्याध्यापकांना विनंती, ती खिडकीजवळ ठेवू नका, ऊन लागलं की कापड विटतं. आणि पाटीवर साल १८९७ लिहू नका.

घडी मी काढलेली नाही. ताई, जरा वर या. पट्टी डावीकडून उचलायची, हळू, चामडं वाळलंय.