कोळशाच्या करारातून जुळलेली भगिनी-शहरे

एका देशातील शहराने दुसऱ्या देशातील शहराला 'भगिनी' मानावे, उभयतांच्या महापौरांनी करारपत्रावर सह्या कराव्यात, वेशीवर एकमेकांच्या नावाची पाटी लावावी, ही प्रथा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाली. तिचा उगम समारंभात नव्हे, दुःखात आहे. १९४४ साली बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीने त्याहून अधिक उद्ध्वस्त झालेल्या स्टालिनग्राडशी नाते जोडले. कॉव्हेंट्रीच्या स्त्रियांनी आपली ८३० नावे भरतकामाने एका मेजपोशावर उमटवून तो स्टालिनग्राडच्या स्त्रियांना पाठविला. १९५० साली फ्रान्समधील माँबेल्यार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांतील शहरांनी हात मिळविले. पुढे मात्र या प्रथेला मेजवान्यांचे आणि पर्यटनाचे स्वरूप येत गेले. करार वाढले, त्यांतील आशय मात्र पातळ झाला.

म्हणूनच बेल्जियममधील शार्लरुआ आणि इटलीतील मानोपेल्लो यांच्या नात्याचा विचार करणे अगत्याचे आहे. शार्लरुआ हे दोन लाख वस्तीचे औद्योगिक शहर, तर मानोपेल्लो हे अब्रुत्सो प्रांतात मायेल्ला डोंगराच्या पायथ्याशी वसलेले काही हजार वस्तीचे गाव. एकाची भाषा फ्रेंच, दुसऱ्याची इटालियन. व्यापाराचा मोठा संबंध नाही, सीमा लागून नाही. तरीही शार्लरुआच्या भगिनी-शहरांच्या यादीत मानोपेल्लोचे नाव आहे. ते तेथे कसे आले, याचे उत्तर जमिनीखाली ९७५ मीटर खोलीवर सापडते.

महायुद्ध संपले तेव्हा बेल्जियमपाशी कोळसा होता. पण तो काढायला माणसे नव्हती. बेल्जियन कामगार खाणीत उतरायला नाखूष होता, कारण त्या खाणी जुन्या, खोल आणि धोक्याच्या होत्या. काही काळ जर्मन युद्धकैद्यांना राबवून काम निभावले. पण कैद्यांना केव्हा तरी सोडावे लागणारच होते. इटलीची स्थिती नेमकी उलट होती. तेथे बेकारांच्या झुंडी होत्या आणि कारखान्यांना कोळसा नव्हता. २३ जून १९४६ रोजी रोम येथे उभय सरकारांमध्ये करार झाला. इटलीने आठवड्याला २,००० या वेगाने ५०,००० धट्टेकट्टे कामगार पाठवावेत आणि त्यांच्या संख्येच्या प्रमाणात बेल्जियमने इटलीला कोळसा विकावा, असे त्याचे सार होते. राजनीतीच्या भाषेत याला परस्पर सहकार्य म्हणतात. सरळ भाषेत सांगायचे तर, माणसे देऊन कोळसा घेण्याचा हा व्यवहार होता. आणि फॅसिझमच्या जोखडातून नुकत्याच सुटलेल्या, अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी राजेशाहीला निरोप देऊन प्रजासत्ताक झालेल्या देशाने तो केला होता.

इटलीच्या गावोगावी गुलाबी रंगाची भित्तिपत्रके लागली. पगार, कुटुंबभत्ता, रजा, निवृत्तिवेतन यांची त्यांवर तपशीलवार नोंद होती. खाणीची खोली किती, वायू किती, धूळ किती, याविषयी त्यांवर अक्षरही नव्हते. मिलानच्या स्थानकावर वैद्यकीय तपासणी होई आणि आगगाड्या उत्तरेकडे निघत. बेल्जियममध्ये उतरल्यावर खाणीखाणींच्या मागणीप्रमाणे माणसांची वाटणी होई. राहायला मिळत त्या पत्र्याच्या आणि लाकडाच्या बराकी. ज्यांतून युद्धकैदी नुकतेच बाहेर पडले होते त्याच. करार किमान एक वर्षाचा. खाणीत एकदा उतरून भेदरलेला आणि पुन्हा उतरण्यास नकार देणारा मजूर करारभंगाचा अपराधी ठरे. अशांना ब्रुसेल्स येथील पती-शातो या बराकीत डांबून मायदेशी परत धाडले जाई. स्वतंत्र देशाचा नागरिक आणि वेठबिगार यांच्यात अंतर किती उरले होते, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा.

मानोपेल्लोच्या परिसराला खाणकाम नवे नव्हते. मायेल्लाच्या कुशीतून डांबरी खडक काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला. तेव्हा एक भाऊ गेला की दुसरा जाई, दुसऱ्यामागून मेहुणा जाई, आणि गावचा गाव एकाच खाणीच्या आसपास गोळा होई. परमुलखात आपल्या माणसांचा आधार शोधणे हा श्रमिकांचा स्वाभाविक धर्म होय. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की, संकट कोसळले तर ते साऱ्या गावावर एकाच वेळी कोसळणार.

ते ८ ऑगस्ट १९५६ रोजी कोसळले. शार्लरुआलगतच्या मार्सिनेल येथील ब्वा द्यु काझिए या खाणीत सकाळी आठच्या सुमारास, ९७५ मीटर पातळीवर, कोळशाचा डबा पिंजऱ्यात नीट बसला नाही. डबा अर्धवट बाहेर असतानाच पिंजरा वर खेचला गेला. डब्याच्या धडकेने विजेच्या तारा तुटल्या, दाबाखालील तेलाची नळी फुटली, दाबाखालील हवेची नळीही फुटली. ठिणगी, तेल आणि हवा एकत्र आल्यावर आणखी काय हवे? ज्या विवरातून खाणीला शुद्ध हवा पुरविली जाई त्याच विवरात ही आग भडकली आणि तेथील लाकडाने पेट घेतला. श्वास घेण्यासाठी आत सोडलेल्या वाऱ्यानेच धूर आणि विषारी वायू खाणीच्या कानाकोपऱ्यांत नेऊन पोहोचविला.

वर, खाणीच्या लोखंडी फाटकाशी, बायकामुले दोन आठवडे उभी होती. २३ ऑगस्टच्या पहाटे शोधपथक तळाच्या पातळीवरून परतले आणि सगळेच मेले असल्याचे त्याने सांगितले. एकूण २६२ माणसे मरण पावली. त्यांत १३६ इटालियन होते, ९५ बेल्जियन होते; बाकीचे पोलिश, ग्रीक, जर्मन, अल्जीरियन आणि इतर. बारा राष्ट्रांची माणसे एकाच धुरात गुदमरली. इटालियन मृतांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या अब्रुत्सो प्रांतातले, आणि त्यांत विसाहून अधिक मानोपेल्लोचे. ज्या गावात सारे एकमेकांना नावाने ओळखतात, तेथे एका सकाळी विसाहून अधिक घरांतील कर्ता पुरुष जावा, याचा अर्थ आकडेवारीने कळणारा नाही.

पुढे चौकशी झाली. पिंजरा भरणारा मजूर आणि वरचा माणूस यांच्यात इशाऱ्याविषयी गैरसमज झाला, असे कारण पुढे आले. पण गैरसमजाने डबा अडकतो. २६२ माणसे मरत नाहीत. विजेची तार, तेलाची नळी आणि हवेची नळी एकमेकींना खेटून कोणी बसविली? हवेच्या मुख्य मार्गात लाकूड कोणी राहू दिले? हे प्रश्न मजुराला विचारायचे नव्हते, मालकांना विचारायचे होते. १९५९ साली खालच्या न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. १९६१ साली अपिलात एका अधिकाऱ्याला तेवढी सहा महिन्यांची सजा झाली. तीही स्थगित, आणि सोबत दंड. २६२ प्राणांचा हिशेब एवढ्यावर मिटला.

या दुर्घटनेतून काहीच निष्पन्न झाले नाही असे नव्हे. कोळसा-पोलाद समुदायाला खाण-सुरक्षेसाठी कायमची यंत्रणा उभारावी लागली. इटलीने बेल्जियमच्या खाणींसाठी माणसे पाठविणे थांबविले. परंतु बेल्जियमच्या खाणमालकांनी काय केले, हे अधिक बोलके आहे. इटालियन येईनात तेव्हा त्यांनी खाणींची दुरवस्था आधी दूर करून मग माणसे बोलावली नाहीत. त्यांनी स्पॅनिश आणले, ग्रीक आणले. १९६४ साली मोरोक्को आणि तुर्कस्तान यांच्याशी करार झाले. एका गरीब देशाने दार लावले की दुसऱ्या गरीब देशाचे दार ठोठावायचे, हे धोरण. खाणीतील धुळीने फुप्फुसे दगडासारखी करणारा सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य व्हायलाही बेल्जियममध्ये १९६४ साल उजाडावे लागले. खाणीतून जिवंत परतलेल्यांनाही मृत्यूने सोडले नव्हते. तो फक्त सावकाश आला.

ब्वा द्यु काझिए १९६७ साली बंद झाली. १९७७ साली मार्सिनेल शार्लरुआ शहरात विलीन झाले, आणि म्हणून मानोपेल्लोचे नाते आज शार्लरुआशी जोडलेले आहे. खाणीची जागा स्मारक म्हणून जतन झाली, २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. इटलीने २००१ मध्ये ८ ऑगस्ट हा परदेशी राबलेल्या इटालियन श्रमिकांच्या बलिदानाचा राष्ट्रीय दिन ठरविला. २०२१ मध्ये, पासष्ट वर्षांनंतर, 'अनोळखी' म्हणून पुरलेल्यांचे अवशेष बाहेर काढून जनुकीय चाचणीने त्यांची नावे शोधण्याचे काम हाती घेतले गेले. मेलेल्या मजुराला नाव परत मिळवून देणे हे भगिनी-शहरांच्या शंभर मेजवान्यांहून मोठे कार्य होय.

येथे एक आक्षेप घेतला जातो. तो असा की, इटालियनांचे दैन्य आता इतिहासजमा झाले आहे. त्यांची मुले शिकली, पुढे आली. मग जुन्या जखमा उकरण्यात काय हशील? मानोपेल्लोजवळच्या सान व्हालेंतिनो गावातून आलेल्या खाणकामगाराचा मुलगा, एलिओ दि रूपो, २०११ ते २०१४ या काळात बेल्जियमचा पंतप्रधान होता, हे खरेच आहे आणि ते अभिमानास्पदही आहे. पण एकाच्या उत्कर्षाने व्यवस्थेचा दोष धुऊन निघत नाही. इटालियन वर आला, तेव्हा त्याची खालची जागा रिकामी राहिली नाही. तेथे दुसरा आणून बसविला गेला.

आणि आता तर फासे उलटे पडले आहेत. एके काळी माणसे निर्यात करणारी इटली आज माणसे आयात करते. अब्रुत्सोला लागून असलेल्या लात्सिओ प्रांतात, लातीनाच्या शेतमळ्यांत, हजारो भारतीय मजूर राबतात. त्यांतील बहुसंख्य पंजाबचे. जून २०२४ मध्ये तेथे एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात न नेता त्याच्या घरापाशी टाकून देण्यात आले आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. त्याच्यापाशी कामाचा रीतसर करार नव्हता. बराकीत राहिलेल्यांच्या नातवंडांच्या देशात हे घडले. इटलीतील कामगार संघटना तेव्हा रस्त्यावर उतरल्या, हे त्यांना शोभणारेच झाले. परंतु गुलाबी भित्तिपत्रकांची आठवण जेथे जिवंत आहे, तेथे असे घडूच कसे शकते, हा प्रश्न उरतोच.

भगिनी-शहराच्या नात्याला याच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. शार्लरुआ आणि मानोपेल्लो यांचा करार केवळ पुष्पचक्रे वाहण्यापुरता आणि लोकनृत्यांपुरता राहिला, तर तो मृतांच्या नावावर जिवंतांनी केलेला उत्सव ठरेल. तो खऱ्या अर्थाने फलद्रूप व्हायचा असेल तर उभय शहरांतील शाळकरी मुलांनी १९४६ च्या कराराचा मसुदा एकत्र बसून वाचला पाहिजे. स्मृतिदिनी १३६ इटालियनांबरोबर ९५ बेल्जियनांची आणि इतर साऱ्यांचीही नावे उच्चारली गेली पाहिजेत. धुराने त्यांच्यात भेद केला नव्हता. त्या समारंभात पहिल्या रांगेत शार्लरुआचे मोरोक्कन आणि तुर्की रहिवासी बसले पाहिजेत, आणि इटलीच्या शेतांत राबणारे परदेशी मजूरही. मानोपेल्लोच्या नगरपालिकेने शेजारच्या मळ्यांतील मजुराच्या कराराची, निवाऱ्याची आणि उपचाराची चौकशी केली, तर ती आपल्या मृतांना वाहिलेली सर्वांत सच्ची आदरांजली ठरेल.

मित्रहो, समाजवादी चळवळीने आंतरराष्ट्रीय बंधुभावाच्या घोषणा पुष्कळ दिल्या. सरकारे सरकारांशी करार करतात तेव्हा त्यांत माणूस हा मालाच्या मोबदल्यात मोजला जातो, हे १९४६ ने दाखविले. गावे गावांशी नाते जोडतात तेव्हा तोच माणूस नाव, घर आणि वारस यांसह पुन्हा उभा करता येतो. हे काम मंत्रालयांकडून होणारे नाही. ते नगरपालिका, कामगार संघटना आणि शाळा यांनीच करावयाचे आहे. आणि पुढच्या ८ ऑगस्टची वाट न पाहता करावयाचे आहे.