‘दडवलेलं सत्य’ फॉरवर्ड करण्याआधी



‘चर्चने दोन हजार वर्षं लपवलेलं सत्य’ अशा नावाचे व्हिडिओ तुमच्यापैकी बरेच जण मला पाठवतात. सोबत हसरा चेहरा असतो. आज त्या हसऱ्या चेहऱ्याबद्दलच बोलायचं आहे.

एक उदाहरण घेऊ. १९८० मध्ये जेरुसलेमच्या तालपियोत भागात बांधकाम चालू असताना एक प्राचीन दफनगुहा सापडली. आत अस्थी ठेवायच्या दहा दगडी पेट्या होत्या. त्यांतल्या काहींवर नावं कोरलेली होती : ‘योसेफचा मुलगा येशुआ’, ‘मारिया’, ‘येशुआचा मुलगा यहुदा’. २००७ मध्ये ‘टायटॅनिक’वाले जेम्स कॅमेरॉन यांची निर्मिती असलेला एक माहितीपट आला. दावा असा, की ही येशूच्या कुटुंबाची कबर आहे, आणि त्याला बायको-मुलगाही होता.

आता तपासू या. लपवलं काय होतं? पुरातत्त्वज्ञ अमोस क्लोनर यांनी या कबरीचा अहवाल १९९६ मध्येच छापला होता. नावांचं म्हणाल, तर तेव्हाच्या यहुदी समाजात योसेफ, येशुआ, मारिया ही नावं घरोघरी होती. आपल्या कब्रस्तानात युसूफ, आयेशा, फातिमा किती सापडतील?

मग डीएनए चाचणी. दोन पेट्यांतल्या अवशेषांवरून इतकंच कळलं, की या दोघांचं आईकडून रक्ताचं नातं नव्हतं. माहितीपटाने त्यावरून दोघांना नवरा-बायको ठरवलं! सून, वहिनी, चुलत बहीण अशा कितीतरी शक्यता उरतातच की. बहुतेक अभ्यासकांनी हा दावा नाकारला, पण त्यांचं म्हणणं कुणी फॉरवर्ड केलं नाही.

आणि एक गंमत पाहा. हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहने आपल्याकडे उचलून घेतलं, असं आपण मानतो. त्यांच्या अस्थींची पेटी दाखवणारा माहितीपट आपणच आनंदाने वाटत होतो! तरीही तो आपल्या श्रद्धेच्या आड येतो म्हणून नाकारा, असं मी म्हणत नाही. पुरावा कच्चा आहे, म्हणून नाकारा.

कारण उद्या पाळी आपली असते. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनल ४’वर टॉम हॉलंड यांचा ‘इस्लाम : द अनटोल्ड स्टोरी’ आला, तेव्हा आपण पुरावा मागितला, दुसरी बाजू का नाही असं विचारलं. बरोबरच केलं. पण शेजाऱ्याच्या धर्मासाठी एक तराजू आणि आपल्यासाठी दुसरा, हा इन्साफ नाही.

सूरह अल-हुजुरातची सहावी आयत आठवा. बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी लोकांना इजा कराल आणि मग पस्तावाल. त्यात ‘लोक’ म्हटलं आहे, फक्त ‘आपले लोक’ नाही. तुमच्या वर्गातला ख्रिश्चन मित्रही त्यात येतो.

म्हणून पुढचा व्हिडिओ आला की विचारा : हे खरंच लपवलेलं होतं का? पुराव्यातून एवढं सिद्ध होतं का? आणि माझ्या दीनबद्दल कुणी असंच बनवलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? उत्तर मिळेपर्यंत बोट थांबू द्या.