हाकेचं नाव, हजेरीचं नाव



मलठणच्या किंवा कवठे येमाईच्या रस्त्यावर एसटीची वाट पाहत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "बाबा, कुठं निघाला?" उत्तर येईल, "घोडनदीला." एसटीची पाटी शिरूरची, तिकीट शिरूरचं, तोंडात मात्र घोडनदी. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूरकडं शिरूर अनंतपाळ आहे, म्हणून आमचं शिरूर घोडनदी. जुन्या माणसांनी पहिलं नाव गाळलं आणि दुसरं ठेवलं. तालुकाच असा आहे. तळेगाव ढमढेरे, पिंपळे जगताप, मांडवगण फराटा, गावांनासुद्धा आडनावं. दौंडचं तर इंग्रजांनी 'धोंड' करून टाकलं होतं आणि रेल्वेच्या कागदांत ते बरीच वर्षं तसंच चाललं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतला फुटबॉल. त्यांचा फुटबॉल हातानं खेळतात, लांबट चेंडूनं. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. डाव तो मांडतो, चेंडू तो फेकतो, जिंकलं तर हार त्याच्या गळ्यात आणि हरलं तर शिव्याही त्यालाच. या मोठमोठ्या क्वार्टरबॅकांपैकी बरेचजण मधल्या नावानं ओळखले जातात. मॅथ्यू स्टॅफर्डचं पहिलं नाव जॉन. स्टीव्ह यंगचंही जॉन. वॉरन मूनचं हॅरल्ड. पहिले दोन सुपर बोल, म्हणजे तिथल्या अंतिम लढती, जिंकणारा बार्ट स्टार कागदावर ब्रायन बार्टलेट स्टार. डॅक प्रेस्कॉट हा रेन डकोटा प्रेस्कॉट.

मी आयुष्यभर शाळेत कबड्डी शिकवली, काही वर्षं शिरूर तालुक्यात, काही दौंडमध्ये. त्यामुळं हे कळल्यावर पहिल्यांदा हसूच आलं. आपल्याकडं मधल्या नावानं हाक मारणं म्हणजे बापाचा उद्धार! तिकडं मधलं नाव पोराचं स्वतःचंच असतं, आईबापांनी दिलेलं दुसरं नाव. आपलं मधलं नाव वडिलांचं. मास्तर हजेरी घेतात, पूर्ण नाव पुकारतात आणि आठवडाभरात वर्गातल्या साठही पोरांना साठही बापांची नावं पाठ होतात. पाढे होत नाहीत, पण हे होतं. मग सुरू.

गुणलेखकाशेजारी बसून मी खेळाडूंची नावं सांगायचो. कागदावर 'सूरज बबन' आणि पुढं आडनाव. शिटी वाजली की मैदानात सूरज नावाचा कुणी उरायचाच नाही. "बबन्या आला, बबन्या! कोपरा सांभाळ! चवडा घे बबन्याचा!" एकदा दौंडकडच्या एका गावात खुद्द बबनराव मैदानाच्या कडेला चवड्यांवर बसले होते. पोराची पकड झाली आणि तीस-चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "बबन्या बाद!" तंबाखू मळता मळता बबनरावांनी वर पाहिलं, चिमूट दाढेखाली सोडली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "मी कवा खेळलो रं?"

पण अमेरिकेतल्या या रिवाजाचं एक कारण पाहिलं आणि तो एकदम घरचा वाटला. आर्ची मॅनिंग हा न्यू ऑर्लिन्सच्या संघाचा जुना क्वार्टरबॅक. पेटन आणि इलाय ही त्याची पोरंही क्वार्टरबॅकच झाली. दोघांनी दोन-दोन सुपर बोल जिंकले. आर्चीचं कागदावरचं नाव एलायशा आर्चिबाल्ड मॅनिंग तिसरा. म्हणजे तेच नाव बापाचंही. एकाच घरात तेच नाव असेल तर हाक मारल्यावर ओ कुणी द्यायची? म्हणून बापाला सगळे 'बडी' म्हणायचे आणि पोरगा मधल्या नावातून आर्ची झाला.

आता आपलं घर बघा. आजोबा ज्ञानोबा, म्हणून नातू ज्ञानोबा. पण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. स्वतःच्या पोटच्या पोराला हाक मारायची पंचाईत! मग पोरगा होतो आबा, नाहीतर बापू, नाहीतर तात्या. तीन वर्षांचं शेंबडं पोर आणि अख्खी आळी त्याला 'तात्या' म्हणते. अडचण तिकडंही तीच होती, चुलीपाशीच सुटलेली. फरक एवढाच की त्यांच्याकडं जादा नाव तयार होतं आणि आपल्या बायकांना ते घडवावं लागलं.

आपले मोठे खेळाडूही असेच. 21 निर्धाव षटकं ओळीनं टाकणारे बापू नाडकर्णी कागदावर रमेशचंद्र गंगाराम. आणि भाऊसाहेब निंबाळकर! डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद 443. ब्रॅडमनचा 452चा विक्रम नऊ धावांवर होता आणि समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. त्यांचं पूर्ण नाव भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर. मधलंही हाकेचं, पहिलंही हाकेचं.

अमेरिकेसारखं मधलं नाव एका मराठी घरात मात्र सापडतं. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं. रोहन कन्हाय, जयसिंह आणि विश्वनाथ, तिघांवरून. बापाच्या जागी दोन फलंदाज बसवायला छाती लागते.

आखाड्यात तर वेगळीच तऱ्हा. यात्रेच्या हगाम्यात रेवड्यांवरच्या कुस्त्या संपून मोठी कुस्ती लागली की हलगी थांबते आणि पुकारणारा सांगतो, अमक्या गावचा पैलवान, तमक्या वस्तादांचा पठ्ठा. बाप तिथं येतच नाही. मधलं नाव वस्तादाचं. मला विचाराल तर हाच रिवाज सगळ्यात न्याय्य, पण मी स्वतः मास्तर असल्यामुळं माझं मत धरू नका.

आता माझी चूक सांगतो. आमच्या संघात एक मुलगी होती, डाव्या कोपऱ्यावर खेळायची. तिच्या हातात पाय सापडला की चढाई संपली. तिला सगळे पिंकी म्हणत. प्रवेशिका भरायची शेवटची तारीख, जीप बाहेर उभी, आणि मी घाईत यादीत 'पिंकी'च लिहिलं. संघ राज्यापर्यंत गेला. प्रमाणपत्र आलं ते पिंकीच्या नावानं. पुढं तिचं लग्न झालं, मधलं नाव बदललं, आडनाव बदललं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी तिनं अर्ज केला. टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं, "ही पिंकी कोण?" त्याचं काहीच चुकलं नाही. लग्नाचं नाव राजपत्रातून सिद्ध करता येतं. पिंकी सिद्ध कशी करणार? शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, माझा जबाब, चार खेपा. ती माझ्यावर एका शब्दानंही रागावली नाही. त्याचंच जास्त लागलं.

आणि आता नावं आणखी लांबणार आहेत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम राज्य सरकारनं ठरवला आहे. ती पोरं तिसरी-चौथीत गेली की एकमेकांना आईच्या नावानं हाका मारतील का, हे मला बघायचं आहे.

तर क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माझं एकच सांगणं आहे. मैदानात काय वाटेल ते ओरडा. पण प्रवेशिका भरताना दप्तरातून पोराचा जन्मदाखला बाहेर काढा, समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, नाव लिहा. जीप थांबते.