चुंबक, तार आणि प्रकाश : सापेक्षतेकडे जाणारी वाट

(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



पाठ्यपुस्तकात विद्युत व चुंबकत्व यांचा धडा एकीकडे असतो आणि आइन्स्टाइन यांचे नाव फार पुढे कोठेतरी येते. त्यामुळे सापेक्षता सिद्धांत एका अलौकिक बुद्धीतून अचानक बाहेर पडला, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. १८२० ते १९०५ या पंचाऐंशी वर्षांत अनेकांनी पायरी पायरीने ही वाट बांधली. त्या वाटेवरून आज आपण थोडे चालू या.

१८२० साली कोपनहेगन येथे ओर्स्टेड यांना आढळले की, तारेतून वीज वाहू लागली की शेजारची चुंबकसूची हलते. तोपर्यंत वीज आणि चुंबकत्व या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अँपिअर यांनी विद्युतप्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात किंवा ढकलतात, हे दाखवून त्याचे गणित मांडले.

यानंतर येतात मायकेल फॅरडे. त्यांच्याविषयी विद्यार्थ्यांनी जरा थांबून विचार करावा. वडील लोहार, घरची गरिबी, शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी ते लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले. बांधणीसाठी आलेली पुस्तके ते वाचून काढीत. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून लागले. १८३१ मध्ये त्याच फॅरडेंनी सिद्ध केले की, चुंबक तारेच्या वेटोळ्यात हलविला तर वेटोळ्यात वीज निर्माण होते. आज कोयनेच्या वीजगृहातील जनित्रे याच तत्त्वावर फिरतात.

फॅरडेंना उच्च गणित येत नव्हते. चुंबकाभोवतीची जागा रिकामी नसून ती बलरेषांनी भरलेली आहे, असे चित्र त्यांनी मनाशी रंगविले. अनेक गणितज्ञांनी त्याकडे दुर्लक्ष केले. परंतु जेम्स क्लार्क मॅक्सवेल या केंब्रिजमध्ये शिकलेल्या तरुणाने तसे केले नाही. फॅरडेंच्या चित्रात खोल अर्थ आहे हे ओळखून त्यांनी त्याला गणिताची भाषा दिली. एकाजवळ दृष्टी होती, दुसऱ्याजवळ गणित होते. दुसऱ्याने पहिल्याचे शिक्षण किती झाले हे न पाहता त्याचे म्हणणे तपासले. विज्ञानात मोजमाप असे विचाराचे होते, विचार मांडणाऱ्याच्या जन्माचे नव्हे.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युत क्षेत्र उत्पन्न होते, हे फॅरडेंमुळे कळले होते. बदलत्या विद्युत क्षेत्रातूनही चुंबकीय क्षेत्र उत्पन्न झाले पाहिजे, अशी भर मॅक्सवेल यांनी घातली. मग दोन्ही क्षेत्रे एकमेकांना जन्म देत लहरीच्या रूपाने पुढे सरकतील. या लहरीचा वेग किती? वेबर व कोलराउश यांनी १८५६ मध्ये केलेल्या विजेच्या मोजमापांवरून तो सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर निघाला. फिझो यांनी १८४९ मध्ये दातेरी चाकाच्या साहाय्याने मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे ३ लाख १५ हजार. हे साम्य योगायोगाचे असू शकत नाही. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, असा निष्कर्ष मॅक्सवेल यांनी काढला. पुढे हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये जर्मनीत अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या. १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्यांचे जाहीर प्रयोग केले.

आता खरी अडचण उभी राहते. मॅक्सवेल यांच्या समीकरणांतून एकच वेग निघतो. पण हा वेग कोणाच्या संदर्भात? ध्वनीला हवा लागते, तसे प्रकाशाला ईथर नावाचे माध्यम लागत असावे, असे त्या काळी मानले गेले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. म्हणजे ईथरचा वारा आपल्याला जाणवला पाहिजे. १८८७ मध्ये अमेरिकेत मायकेलसन आणि मोर्ले यांनी अत्यंत सूक्ष्म उपकरणाने तो शोधला. अपेक्षित परिणामाच्या विसाव्या भागाइतकाही परिणाम दिसला नाही. लोरेंट्झ आणि पॉइन्कारे यांनी गणित दुरुस्त केले, वस्तू गतीच्या दिशेने आखूड होतात असे मानले. पण ईथर सोडला नाही.

१९०५ मध्ये बर्न येथील पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइन यांनी आपल्या निबंधाची सुरुवात फॅरडेंच्याच प्रयोगाने केली. चुंबक हलवा, तार स्थिर ठेवा. किंवा तार हलवा, चुंबक स्थिर ठेवा. सापेक्ष गती तीच असेल तर वीज तितकीच मिळते. मग सिद्धांतात या दोहोंची कारणे वेगवेगळी का द्यावीत? त्यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या : एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम सारखेच असतात, आणि निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच मिळतो. मॅक्सवेल यांची समीकरणे जशीच्या तशी राहिली. बदलावी लागली ती आपली काळाची कल्पना. सर्वांसाठी एकच घड्याळ चालते, ही समजूत गेली आणि ईथरची गरजही उरली नाही.

हा कोरडा तर्क नव्हे. आपल्या फोनला रस्ता दाखविणाऱ्या जीपीएस उपग्रहांतील घड्याळे त्यांच्या गतीमुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर ठिकाण चुकते.

विद्यार्थी मित्रांनो, आम्ही शिक्षक तुमच्याकडून समीकरणे पाठ करून घेतो, कारण परीक्षा असते. पण ही समीकरणे ज्यांनी घडविली त्यांनी आधी प्रश्न विचारले होते. सर्वमान्य गोष्टही पुराव्यावर टिकत नसेल तर सोडण्याचे धैर्य त्यांच्यात होते. घरात पुस्तके नाहीत म्हणून मागे हटू नका. फॅरडेंच्या हाती आलेली पुस्तकेही दुसऱ्यांचीच होती. संस्थेच्या सभासदांना आमची एवढीच विनंती आहे की, वस्तीतल्या प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक आणि एखादे साधे चुंबक तरी पडेल असे आपण सर्वांनी मिळून पाहू या.