गाईड मुली आणि त्यांचे नायकत्व



गाईडच्या गणवेशातल्या मुली तुम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. पण बहुधा कोठे पाहिल्या? कोणी मोठे पाहुणे यायचे असतात तेथे. दोन्ही बाजूंना मुलींची रांग, हातांत फुलांची तबके, आणि पाहुण्यांना उशीर झाला तर दोन दोन तास उन्हात उभे राहणे. पाहुणे गेले की मुली घरी. आम्हां गाईडचे काम करणाऱ्यांना याची फार खंत वाटते. गणवेश मांडवाच्या शोभेसाठी दिलेला नसतो, हे आज थोडे विस्ताराने सांगायचे आहे.

ही चळवळ मुलींनी कोणी न बोलावता मिळवलेली आहे. 1907 साली इंग्लंडात ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले शिबिर भरवले, ते केवळ मुलांचे. पुढे 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपण होऊन आल्या आणि ‘आम्हीही बालवीरच आहोत’ म्हणून उभ्या राहिल्या. त्यांना घालवून देणे कठीण झाले, आणि 1910 साली त्यांची निराळी संस्था निघाली. गंमत अशी की ‘गाईड’ हे नाव त्या वेळच्या हिंदुस्थानातूनच गेले. वायव्य सरहद्दीवरच्या ‘गाईड्स’ नावाच्या पलटणीवरून ते घेतलेले आहे. 1911 साली जबलपूरला पहिले पथक निघाले, पण ते गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलींचे. आपल्या मुलींना दार उघडले ते नंतर. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था झाली आणि 15 ऑगस्ट 1951 ला गाईडची संघटनाही तिच्यात मिळाली. 1966 पासून तर पुण्यात ‘संगम’ हे गाईडचे जागतिक केंद्रच आहे.

आपली हिंगोली ही जुनी छावणी. हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य येथे असे, त्यामुळे कवायत या गावाला नवी नाही. परंतु गाईड म्हणजे मुलींची पलटण, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. पलटणीत हुकूम वरून येतो. येथे सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो, त्यांच्यातलीच एक संघनायिका होते, आणि सगळ्या संघनायिका एकत्र बसून पथकाचे काम ठरवतात. बाई त्या बैठकीला असतात, पण बोलायचे शक्यतो मुलींनी.

या शेवटच्या वाक्यावरच आमचा सारा भर आहे. जबाबदारी आपल्या मुलींना कोणी नव्याने द्यायला नको. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेली दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, भाकरी थापते, पाणी भरते, आणि जमले तर शाळेतही जाते. हळदीच्या काढणीत ती बायकांच्या बरोबरीने राबते. काम तिच्या वाट्याला भरपूर आहे. तिच्या वाट्याला येत नाही तो निर्णय. काय करायचे हे दुसऱ्याने ठरवायचे आणि तिने करायचे. मग एके दिवशी अठरा पूर्ण होण्याच्या आधीच, कायदा काही म्हणो, तिचे लग्नही दुसरेच कोणी ठरवतात. शिबिरात मात्र ती पहिल्यांदा ठरवते.

समजा, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला तीन रात्रींचे शिबिर आहे. तंबूचे तोंड कोणीकडे करायचे? वारा कोठून येतो, उतार कोठे आहे, पाऊस आलाच तर पाणी कोठून वाहील, हे पाहून संघनायिकेने सांगायचे. चुलीजवळ दोन खड्डे खणायचे, एक सुक्या कचऱ्याचा आणि एक ओला. ओल्या खड्ड्यावर गवताची जाळी विणून ठेवायची; खरकटे पाणी तिच्यातून ओतले की तेलकट चिकटा गवताला धरतो आणि पाणी खाली जिरते. दुसऱ्या दिवशी ते गवत जाळायचे, नवे विणायचे. यामुळे माश्या होत नाहीत. आता विणायचे कोणी, जाळायचे कोणी? घरी धुणीभांडी करून आलेली मुलगी म्हणते, मीच करते. वकिलाची मुलगी गप्प बसते. येथे संघनायिकेची परीक्षा होते. पाळी लावणे, ती आपल्या मैत्रिणीलाही लावणे, आणि स्वतःचे नाव त्यातून न गाळणे, हे तिला शिकावे लागते. भात लागला तर लागलेला खायचा. बाईंनी पळीला हात लावायचा नाही. हा नियम पाळणे बाईंना फार जड जाते, हेही खरे.

पालक म्हणतात, मुलीला रात्री बाहेर कसे ठेवायचे? ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शिबिरात प्रशिक्षित बाई हव्यात, पाण्याची व शौचाची सोय हवी, पालकांची लेखी संमती हवी, दवाखाना किती दूर आहे हे आधी पाहिलेले हवे. यांपैकी एक गोष्ट नसेल तर पालकांनी खुशाल ‘नाही’ म्हणावे. पण नामदेवांची नरसी आपल्याच जिल्ह्यात आहे. आषाढीला आपल्या आयाबहिणी दिंडीबरोबर पंढरपूरला जातात, राहुटीत झोपतात, तीन दगडांच्या चुलीवर रांधतात. त्यांना कोणी अडवत नाही, कारण दिंडीची शिस्त सर्वांना ठाऊक आहे. शिबिराची शिस्त ठाऊक नाही, म्हणून भीती वाटते. तर एकदा येऊन पाहावे.

शिबिरातले शिकणे गावात कोठे उपयोगी पडते? दसऱ्याच्या प्रदर्शनात चुकलेले मूल रडत असते. औंढ्याला महाशिवरात्रीच्या गर्दीत एखादी म्हातारी चक्कर येऊन पडते. गळ्यातला स्कार्फ उलगडला की दुखावलेल्या हाताची झोळी होते. दोन काठ्या आणि एक घोंगडे मिळाले की रुग्णाला उचलायची डोली होते. 21 मार्च 2024 ची सकाळ तुम्ही विसरला नसाल. आखाडा बाळापूरच्या भागात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि थोड्याच वेळात 3.6 चा दुसरा. लोक अंगणात धावले, आणि काही जण दागिने, मोबाईल आणायला परत आत गेले. अशा वेळी प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस असे हवे, की जे भिंतीपासून लांब उभे करील, मुले मोजील आणि कोण आत राहिले ते सांगेल. शिबिरात संघनायिका सकाळ-संध्याकाळ मुली मोजते, ती सवय त्या दिवशी कामाची ठरते. मात्र तिचे कोणी ऐकले पाहिजे. चौदा वर्षांची पोर मोठ्यांना ‘आत जाऊ नका’ म्हणते, तेव्हा ‘तू गप्प बस’ असे उत्तर देणारे आपणच असतो.

म्हणून या सभेला आमच्या मागण्या थोड्या आहेत. ज्या शाळेत गाईडचे पथक नाही, तेथे एका शिक्षिकेला प्रशिक्षणाला पाठवावे आणि तिच्या माथी त्याच आठवड्यात दुसरी चार कामे मारू नयेत. सुट्टीत तीन दिवस शिबिराला जागा द्यावी. पाणी असलेले एखादे शेत पुरते. निघताना मुली खड्डे बुजवतात, काढून ठेवलेली गवताची ढेकळे परत बसवतात आणि चुलीची राख उचलतात, तेव्हा शेतमालकाने काळजी करू नये. आणि पुढच्या समारंभात तबके धरायला मुली मागण्यापूर्वी, त्यांच्या संघनायिकेला विचारावे. ती ‘नाही’ म्हणाली तर रागवू नये.